'कुटुंबासाठी' ते 'स्वतःसाठी': 'ब्रेकिंग बॅड'च्या शेवटच्या भागानं नेमकं काय साधलं?

(सूचना: या लेखात 'ब्रेकिंग बॅड'च्या पाचही सीझनमधलं कथानक आणि शेवट उघड केला आहे. मालिका अजून पाहिली नसेल, तर आधी ती पाहा आणि मग हा लेख वाचा.)

थोडक्यात:
- 'ब्रेकिंग बॅड'चा शेवटचा भाग 'फेलिना' २९ सप्टेंबर २०१३ रोजी अमेरिकेत 'एएमसी' वाहिनीवर दाखवला गेला.
- पहिला भाग पाहणारे होते जेमतेम १४ लाख, तर शेवटचा भाग पाहणारे १ कोटी २ लाखांहून जास्त.
- शेवटच्या भागात गोळीबार आहे, सूड आहे. पण सगळ्यात मोठा स्फोट एका छोट्याशा स्वयंपाकघरात, एका वाक्यात होतो.
- ते वाक्य समजून घ्यायचं असेल, तर पाच सीझनमधले पैशांचे आकडे ओळीनं लावून पाहावे लागतात.

एखादी मालिका वर्षानुवर्षं पाहिली आणि शेवटच्या भागानं सगळ्यावर पाणी फिरवलं, हा अनुभव नवा नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स' मे २०१९ मध्ये संपली, तेव्हा शेवटचा सीझन नव्यानं लिहून काढा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन याचिकेवर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या. 'द सोप्रानोज' २००७ मध्ये संपली ती थेट काळ्या पडद्यावर. टीव्ही बंद पडला की काय, असं अनेकांना वाटलं आणि त्या शेवटाचा अर्थ काय, यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

या यादीत 'ब्रेकिंग बॅड'चं नाव मात्र वेगळ्या रकान्यात घेतलं जातं. शेवट कसा करावा, हे सांगायचं असलं की आजही याच मालिकेचा दाखला दिला जातो. असं काय आहे या शेवटात? आणि पटकथेच्या भाषेत ज्याला 'कॅरेक्टर डेव्हलपमेंट' म्हणतात, म्हणजे पात्राचा प्रवास, त्याचा या शेवटाशी काय संबंध? समजून घेऊ.

मालिका नेमकी कशाबद्दल होती?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की शहर. वॉल्टर व्हाइट हा पन्नाशीचा माणूस शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर कार वॉशमध्ये काम करतो. तिथं एकदा स्वतःच्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाकं पुसायची वेळ त्याच्यावर येते. बायको स्कायलर गरोदर आहे, मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. अशात वॉल्टरला फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचं निदान होतं.

आपल्यामागे घरच्यांचं काय होणार, या काळजीतून तो जेसी पिंकमन या आपल्या जुन्या, वाया गेलेल्या विद्यार्थ्याला हाताशी धरतो आणि 'मेथ' हा अमली पदार्थ बनवायला लागतो. साडूच, म्हणजे हँक, अमली पदार्थविरोधी विभागात अधिकारी. पुढं वॉल्टर 'हायझेनबर्ग' या नावानं गुन्हेगारी जगतात दहशत निर्माण करतो.

२० जानेवारी २००८ ते २९ सप्टेंबर २०१३ या काळात मालिकेचे ६२ भाग आले. पडद्यावरच्या गोष्टीत मात्र जेमतेम दोनच वर्षं जातात. पहिल्या भागात वॉल्टरचा ५०वा वाढदिवस आहे आणि शेवट होतो तो ५२व्या वाढदिवसाच्या सुमारास.

'कॅरेक्टर डेव्हलपमेंट' म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं, तर गोष्टीच्या सुरुवातीला भेटलेलं पात्र शेवटी तेच राहिलं आहे का, आणि बदललं असेल, तर तो बदल पटण्यासारखा आहे का, हे पाहणं म्हणजे पात्राचा प्रवास तपासणं.

टीव्हीला हा प्रवास पूर्वी फारसा मानवत नसे. मालिका वर्षानुवर्षं चालवायची असेल, तर नायक बदलून चालत नाही. डिटेक्टिव्ह दर आठवड्याला नवं प्रकरण सोडवतो आणि पुढच्या आठवड्यात जसाच्या तसा हजर असतो. अमेरिकेतली 'मॅश' ही मालिका कोरियन युद्धावर होती. युद्ध चाललं तीन वर्षं, मालिका चालली ११ वर्षं! आपल्याकडच्या रोजच्या मालिका पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. टीआरपी वर गेला की कथा लांबते, आणि कथा लांबली की पात्रं एकाच जागी गोल गोल फिरत राहतात. मध्येच खलनायिका एका भागात सुधारते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विष कालवायला लागते. हा प्रवास नाही, हा ट्रॅफिक जॅम आहे.

'ब्रेकिंग बॅड'चे निर्माते व्हिन्स गिलिगन यांना नेमकं याच्या उलट करायचं होतं. टीव्ही आपल्या पात्रांना जाणूनबुजून एकाच अवस्थेत ठेवतो, हे त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून नायकाचा हळूहळू खलनायक होत जाईल अशी मालिका करायची, असं त्यांनी ठरवलं. 'मिस्टर चिप्स'चा 'स्कारफेस' करायचा, असं ते सांगत. मिस्टर चिप्स हा इंग्रजी कादंबरी-सिनेमातला आदर्श शिक्षक, तर स्कारफेस हा हॉलिवूडमधला कुप्रसिद्ध गँगस्टर.

ही भूमिका करणारे ब्रायन क्रॅन्स्टन तोवर 'माल्कम इन द मिडल' या विनोदी मालिकेतले गोंधळलेले वडील म्हणूनच ओळखले जायचे. वाहिनीला त्यांच्याबद्दल शंका होती. गिलिगन यांनी मात्र 'द एक्स-फाइल्स'च्या १९९८ मधल्या एका भागात त्यांचं काम पाहिलेलं होतं. पुढं याच भूमिकेसाठी क्रॅन्स्टन यांना चार एमी पुरस्कार मिळाले.

पहिल्याच तासाला दिलेला 'हिंट'

पहिल्या भागात वॉल्टर वर्गात शिकवतो, तेव्हा तो रसायनशास्त्राची व्याख्या सांगतो. पुस्तकात ते पदार्थाचं शास्त्र आहे, पण वॉल्टरच्या मते ते बदलाचं शास्त्र आहे. पुढच्याच भागात तो 'कायरॅलिटी' शिकवतो. ही संकल्पना इंजिनिअरिंग किंवा बीएस्सीला केमिस्ट्री घेतलेल्यांना आठवत असेल. तुमचा डावा आणि उजवा हात दिसायला सारखे, पण एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत, कारण ते एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब आहेत. काही रेणूंचंही असंच असतं. घटक तेच, संख्या तीच, फक्त रचना उलटी. यासाठी वॉल्टर 'थॅलिडोमाइड'चं उदाहरण देतो: या औषधाचं एक रूप उपयोगी, तर दुसरं गर्भातल्या बाळाला घातक.

शिक्षक वॉल्टर आणि गुन्हेगार हायझेनबर्ग यांचं नातंही असंच आहे. बाहेरून काही मिसळलेलं नाही, जे होतं ते आधीपासून आतच होतं. मालिकेचा पुढचा सगळा प्रवास 'चांगला माणूस वाईट कसा झाला' एवढाच नाही. 'हा माणूस मुळात कसा होता' हे कळत जाण्याचाही तो प्रवास आहे. आणि त्याचं उत्तर शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवलेलं आहे.

आकडे काय सांगतात?

वॉल्टर सगळं कुटुंबासाठी करतोय, असं तो म्हणतो. त्याचं खरं-खोटं करायचं असेल, तर त्याचाच हिशेब तपासावा लागेल.

५ हजार डॉलर: तरुणपणी वॉल्टरनं एलियट श्वार्ट्झसोबत 'ग्रे मॅटर' ही कंपनी सुरू केली होती. एलियटची बायको ग्रेचन ही एकेकाळची वॉल्टरची प्रेयसी. वॉल्टर कंपनीतून बाहेर पडला आणि आपला हिस्सा ५ हजार डॉलरला विकून मोकळा झाला. पुढं ती कंपनी अब्जावधींची झाली. ही जखम मालिका सुरू होण्याआधीची आहे.

शून्य: पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात एलियट वॉल्टरला नोकरी आणि आरोग्य विमा देऊ करतो. ग्रेचन फोन करून उपचाराचा खर्च उचलायची तयारी दाखवते. म्हणजे मालिकेचा प्रश्न पाचव्या भागातच सुटला होता! वॉल्टर नकार देतो आणि जेसीच्या दारात जाऊन पुन्हा काम सुरू करायचं ठरवतो. घरच्यांची काळजी हेच एकमेव कारण असतं, तर मालिका इथंच संपली असती.

७ लाख ३७ हजार डॉलर: दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला वॉल्टर तोंडी हिशेब मांडतो. दोन मुलांचं कॉलेज, घराचं कर्ज, दहा वर्षांचा घरखर्च. बेरीज ७ लाख ३७ हजार. आणखी ११ व्यवहार केले की झालं, असं त्याचं गणित.

१२ लाख डॉलर: त्याच सीझनच्या शेवटाकडे एकाच व्यवहारात एवढी रक्कम ठरते. ठरवलेल्या लक्ष्यापेक्षा कितीतरी मोठी. तरी तो थांबत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये गस फ्रिंग तीन महिन्यांच्या कामाचे ३० लाख डॉलर देऊ करतो. काही आढेवेढे घेऊन वॉल्टर तेही स्वीकारतो.

५० लाख डॉलर: पाचव्या सीझनमध्ये धंदा सोडायचे ५० लाख मिळत असतात. जेसी म्हणतो, घेऊ आणि सुटू. वॉल्टर त्याला 'ग्रे मॅटर'ची गोष्ट सांगतो, कंपनीची किंमत आपण दर आठवड्याला तपासतो हेही सांगतो. आता तो पैशाच्या किंवा मेथच्या धंद्यात नाही, त्याला साम्राज्य उभारायचं आहे.

८ कोटी डॉलर: शेवटी सात पिंपांत भरून वाळवंटात पुरावी लागेल इतकी रोकड जमा होते. त्याआधी स्कायलर त्याला गोदामात नोटांच्या ढिगासमोर उभं करून विचारते, अजून किती हवंय? वॉल्टरकडे उत्तर नसतं.

आपल्याकडे 'पोटापुरतं मिळालं की झालं' असं म्हणतात. वॉल्टरचं पोट कधीच भरलं होतं. भूक वेगळीच होती.

शेवटच्या तीन भागांची रचना

'फेलिना'बद्दल बोलताना एक गोष्ट अनेकदा सुटते. हा एकट्यानं उभा असलेला शेवट नाही. शेवटचे तीन भाग मिळून तो शेवट आहे.

६०वा भाग, 'ओझीमँडियस': इथं सगळं कोसळतं. वाळवंटात जॅकची टोळी हँकला गोळी घालते. सातपैकी सहा पिंपं लुटली जातात. वॉल्टर जेसीला त्या टोळीच्या तावडीत देतो आणि जाता जाता जेसीची प्रेयसी जेन डोळ्यांसमोर मरत असताना आपण तिला वाचवलं नाही, हेही सांगतो. घरी मुलगा स्वतःच्या बापापासून आईला वाचवायला मध्ये पडतो आणि पोलिसांना फोन करतो. मालिकेतला हा सर्वोत्तम भाग, असं खुद्द गिलिगन यांनीही म्हटलं आहे.

६१वा भाग, 'ग्रॅनाइट स्टेट': इथं शिक्षा आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या बर्फात, एका लाकडी खोलीत वॉल्टर एकटा पडलेला आहे. पिंपभर पैसे आहेत, पण घरी पाठवायची सोय नाही. मुलाला फोन करून पैसे घे म्हणतो, तर मुलगा संतापून नकार देतो. ज्यांच्या नावानं सगळं केलं, त्यांनीच ते नाकारलं.

६२वा भाग, 'फेलिना': इथं हिशेब चुकता होतो.

'फेलिना' या नावाचीही गंमत आहे. इंग्रजीतल्या 'फिनाले' या शब्दाची अक्षरं फिरवली की 'फेलिना' तयार होतं. शिवाय मार्टी रॉबिन्स यांच्या 'एल पासो' या गाण्यातल्या स्त्रीच्या नावाशीही ते जुळतं. त्या गाण्यातला नायक खून करून पळालेला असतो, पण मरण दिसत असूनही तो परत येतो. वॉल्टरचा परतीचा प्रवासही याच गाण्याच्या कॅसेटनं सुरू होतो. चाहत्यांनी यात लोह, लिथियम आणि सोडियम यांच्या रासायनिक चिन्हांचाही शोध लावला. मालिकाच रसायनशास्त्राची म्हटल्यावर तो मोह कोण टाळणार?

'फेलिना'मध्ये काय घडतं?

वॉल्टर अल्बुकर्कीला परततो. सगळ्यात आधी तो ग्रेचन आणि एलियटच्या आलिशान घरी जातो. त्यांच्या टेबलावर ९७ लाख २० हजार डॉलरची रोकड ठेवतो आणि ती मुलगा १८ वर्षांचा झाल्यावर ट्रस्टमार्फत त्याला द्यायला सांगतो. ती तुमच्या दानातून दिली, असंच जगाला वाटलं पाहिजे, ही त्याची अट. शब्द मोडला, तर बाहेर नेम धरून बसलेले मारेकरी बघून घेतील, अशी धमकीही देतो. ते 'मारेकरी' म्हणजे लेझर पॉइंटर घेऊन झाडीत लपलेले जेसीचे दोन मित्र असतात!

मग स्कायलरची भेट. मग जॅकच्या टोळीच्या अड्ड्यावर जाणं. गाडीच्या डिकीत बसवलेली मशिनगन तो किल्लीच्या रिमोटनं सुरू करतो. जेसी साखळदंडांत अडकलेला दिसल्यावर वॉल्टर त्याच्यावर झेप घेऊन त्याला जमिनीवर पाडतो. जेसी वाचतो. वॉल्टरला मात्र स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागते.

या मशिनगनची पडद्यामागची गोष्ट मजेशीर आहे. पाचव्या सीझनच्या पहिल्याच दृश्यात, जुलै २०१२ मध्ये, ती प्रेक्षकांना दाखवली गेली होती. पण ती कशासाठी वापरायची, हे तेव्हा लेखकांनाही माहीत नव्हतं, असं गिलिगन यांनी नंतर सांगितलं. थोडक्यात, आधी बंदूक दाखवली आणि मग लेखकांनी तिथवर जाणारा रस्ता बांधला.

स्वयंपाकघरातलं ते वाक्य

स्कायलर आता एका छोट्या भाड्याच्या घरात राहते. ती स्वयंपाकघरात सिगारेट ओढत बसली आहे. कॅमेरा सरकतो आणि खांबाआड इतका वेळ उभा असलेला वॉल्टर दिसतो. तो बोलायला सुरुवात करतो, तेव्हा ती म्हणते की, हे सगळं कुटुंबासाठी केलं हे आता पुन्हा एकदा ऐकवू नकोस.

आणि वॉल्टर कबूल करतो: मी हे माझ्यासाठी केलं. मला ते आवडत होतं. मला ते चांगलं जमत होतं. त्यात मला जिवंत असल्यासारखं वाटत होतं.

बस. ६१ भाग ज्या खोट्यावर उभे होते, ते खोटं इथं संपतं.

आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे पुराव्यांचा ढीग समोर असतानाही 'तो मी नव्हेच' म्हणत राहतो, आणि त्या नाटकाची सगळी मजा त्या नकारात आहे. वॉल्टरचं खोटं याहून बारीक आहे. 'मी हे केलं नाही' असं तो घरात म्हणत नाही. 'केलं, पण तुमच्यासाठी' असं म्हणतो. अशा वाक्यानं आपला गुन्हा अर्धा दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. स्कायलर, मुलगा, तान्ही मुलगी, सगळे न विचारताच त्यात भागीदार होतात. 'घरासाठीच तर मरतोय मी' हे वाक्य किती घरांत, किती वेगवेगळ्या कारणांनी बोललं जातं! त्यात खरं किती आणि सोय किती, हा प्रश्न ही मालिका विचारते. शेवटच्या भागात वॉल्टर आपलं ओझं इतरांच्या खांद्यावरून काढून स्वतःकडे घेतो.

त्यावर स्कायलर त्याला माफ करत नाही, मिठी मारत नाही. मुलीला एकदा पाहू देते, इतकंच. मुलगा शाळेतून घरी येताना वॉल्टरला लांबूनच पाहावा लागतो. कबुली दिली म्हणून नाती परत मिळत नाहीत, हे लेखकांनी ठामपणे दाखवलं आहे.

खरा बदल कुठं दिसतो?

कबुलीचं वाक्य गाजलं, पण बदलाचा खरा पुरावा श्वार्ट्झच्या टेबलावर आहे. तो लक्षात यायला दुसरा सीझन आठवावा लागतो.

दुसऱ्या सीझनमध्ये वॉल्टरचा मुलगा वडिलांच्या उपचारांसाठी देणग्या मागणारी वेबसाइट सुरू करतो. वकील सॉल गुडमन वॉल्टरचाच काळा पैसा छोट्या-छोट्या देणग्यांच्या रूपानं त्या साइटवरून घरी पोहोचवतो. योजना एकदम सुरक्षित. पण वॉल्टर आतून धुमसत राहतो. कमाई माझी, आणि आभार कुणा अनोळखी दानशूरांचे? चौथ्या सीझनमध्ये याच अहंकारापायी तो मोठी चूक करतो. मेथ बनवणारा 'प्रतिभावंत' मेला, असं हँक धरून चाललेला असतो. दारूच्या नशेत वॉल्टर सुचवतो की, तो माणूस कुणाची तरी नक्कल करत असावा. बंद होत आलेला तपास पुन्हा सुरू होतो.

आता शेवटचा भाग पाहा. वॉल्टर स्वतः होऊन तीच व्यवस्था लावतो, जी त्याला असह्य होती. पैसे त्याचे, नाव दुसऱ्यांचं. आणि ते 'दुसरे' म्हणजे ज्यांची मदत त्यानं अहंकारापायी नाकारली होती तेच. मुलाला कधीच कळणार नाही की हे पैसे बापाचे. उलट तो आयुष्यभर श्वार्ट्झ दांपत्याचे आभार मानेल.

पाच सीझन श्रेयासाठी जळणारा माणूस श्रेय सोडून देतो. पात्राचा प्रवास दाखवणं म्हणतात ते हे. कुणी भाषण दिलं नाही, पार्श्वसंगीत वाढवलं नाही.

जेसी आणि स्कायलरचं काय?

वॉल्टर खाली जात असताना जेसीचा प्रवास बरोबर उलट्या दिशेनं होतो. सुरुवातीला तो नशेबाज, उडाणटप्पू. पहिल्या सीझनच्या शेवटी त्याला मारायचं, असा गिलिगन यांचा मूळ विचार होता. ॲरन पॉल यांचं काम पाहून तो बदलला. पुढं जेसी हाच मालिकेची सदसद्विवेकबुद्धी ठरला. प्रत्येक मृत्यूचा हिशेब वॉल्टर पुसून टाकतो, जेसी तो मनात ठेवतो.

शेवटी वॉल्टर जमिनीवरून बंदूक त्याच्याकडे सरकवतो, मला मार म्हणून. जेसी आधी त्याच्याकडून वदवून घेतो की, हे तुलाच हवं आहे. आणि मग नकार देतो. तुला हवं ते तूच कर. पाच सीझन 'मिस्टर व्हाइट' सांगतील ते करत आलेल्या या मुलाचा हा पहिला पूर्ण नकार. जेसीची गोष्ट या क्षणी संपते, पुढची गाडी आणि रस्ता हा फक्त श्वास सोडण्यापुरता आहे.

स्कायलरची गोष्ट पडद्याबाहेरही घडली. नवऱ्याच्या गुन्ह्यांना विरोध करणारी ही बाई काही प्रेक्षकांना इतकी खुपली की, ॲना गन या अभिनेत्रीला ऑनलाइन द्वेषाला तोंड द्यावं लागलं. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर लेख लिहिला. नवऱ्यानं केलेले खून चालतात, पण बायकोनं विचारलेले प्रश्न चालत नाहीत, हे कसं? वॉल्टरच्या 'कुटुंबासाठी' या कारणावर त्याच्याइतकाच विश्वास प्रेक्षकांनीही ठेवला होता. म्हणून स्वयंपाकघरातली ती कबुली स्कायलरइतकीच प्रेक्षकांसाठीही आहे. वॉल्टरची बाजू घेणाऱ्यांच्या पायाखालची जमीन तो स्वतःच काढून घेतो.

मग शेवटावर टीका का झाली?

टीका झाली, आणि ती बिनबुडाची नव्हती. 'द न्यूयॉर्कर'च्या समीक्षक एमिली नुसबाम यांना शेवट जरा जास्तच नीटनेटका वाटला. बर्फातल्या गाडीत मरायला टेकलेल्या वॉल्टरला पडलेलं हे स्वप्न असतं, तर ते जास्त पटलं असतं, असा त्यांचा सूर होता. खरंच, देशभर शोध सुरू असलेला माणूस सगळीकडे सहज पोहोचतो, प्रत्येक योजना पहिल्याच फटक्यात जमते, शत्रू एका दमात संपतात. गाडीची किल्लीही अगदी वेळेवर हातात पडते.

दुसरा आक्षेप त्याहून गंभीर आहे. वॉल्टर जिंकतो. त्याला हवं तसं मरण मिळतं. जेलमध्ये नाही, रुग्णालयात नाही, तर प्रयोगशाळेत, आपल्या आवडत्या यंत्रांच्या सहवासात. टाकीवर हात फिरवतो, रक्ताचा ठसा उमटतो आणि तो कोसळतो. ज्यांचे जीव गेले, त्यांना असा पर्याय कुठं होता?

पण याच दृश्याला दुसरी बाजूही आहे. शेवटच्या क्षणी त्याच्याजवळ ना बायको आहे, ना मुलं. आहेत ती फक्त यंत्रं. मी हे माझ्यासाठी केलं, असं तो म्हणाला होता आणि मरतानाही तो नेमका त्याच्यासोबत आहे, ज्यासाठी त्यानं सगळं केलं. याला विजय म्हणायचं की शिक्षा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

लेखकांनाही हा प्रश्न सुटलेला वाटला नसावा. याच चमूची पुढची मालिका 'बेटर कॉल सॉल' १५ ऑगस्ट २०२२ रोजी संपली. तिथं सॉल गुडमन सरकारी वकिलांशी घासाघीस करून आपली शिक्षा साडेसात वर्षांवर आणतो आणि मग भर कोर्टात खरं बोलून ८६ वर्षं पदरात पाडून घेतो. वॉल्टरची कबुली बंद घरात होती आणि त्यासाठी त्याला किंमत मोजावी लागली नाही. सॉलची कबुली उघड्यावर आहे आणि तिची पूर्ण किंमत तो चुकवतो. दोन्ही शेवट एकापाठोपाठ पाहिले, तर दुसरा हा पहिल्याला दिलेलं उत्तर वाटतो.

कोणत्याही मालिकेचा शेवट कसा तपासायचा?

पुढच्या वेळी एखादी मालिका संपली आणि शेवट आवडला की नाही हे सांगता येईना, तर 'ब्रेकिंग बॅड'वरून तीन प्रश्न विचारून पाहा.

एक, मुख्य पात्र पहिल्या भागात स्वतःशी कोणतं खोटं बोलत होतं? शेवटी ते खोटं उघडं पडलं का?

दोन, बदल बोलण्यातून सांगितला की कृतीतून दाखवला? जुन्याच प्रसंगासारखा प्रसंग पुन्हा आला आणि पात्र या वेळी वेगळं वागलं, तर बदल खरा.

तीन, त्या बदलाची किंमत कुणी मोजली? पात्रानं स्वतः, की आसपासच्यांनी?

पहिल्या दोन प्रश्नांत 'फेलिना'ला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. तिसऱ्यात मात्र हात आखडावा लागेल, कारण हँक वाळवंटात पडला आहे, वॉल्टरची मुलगी बापाशिवाय वाढणार आहे आणि जेसी एका अंधाऱ्या रस्त्यावर रडत-हसत गाडी पळवतो आहे. वॉल्टरच्या ७ लाख ३७ हजारांच्या हिशेबात यातलं काहीच धरलेलं नव्हतं.